नाणे वाजवून घ्या : कोलकात्याच्या नाणेबाजारात

कोलकात्याला जाणाऱ्या मराठी माणसाची यादी ठरलेली असते. कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा पूल, येताना मातीच्या मडक्यातले दही आणि सौ.साठी एक तांतची साडी. परंतु गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवी नोंद दिसू लागली आहे : जुनी नाणी. निवृत्तीनंतर हाती वेळ आणि थोडा पैसा असलेली मंडळी, मुलांना छंद लावू पाहणारे पालक, 'सोन्या-चांदीपेक्षा जुन्या नाण्यात पैसा जास्त वाढतो' असे कुणाकडून तरी ऐकलेले तरुण, असे अनेकजण या शहरात नाण्यांच्या शोधात हिंडताना दिसतात. शोध घेण्यासारखे शहर आहे यात शंका नाही. मात्र जिथे गूळ तिथे मुंगळे, आणि जिथे दुर्मीळ नाणी तिथे नकली नाणीही आलीच.

नाण्यांचे शहर

कोलकाता आणि नाणे यांचे नाते फार जुने आहे. ईस्ट इंडिया कंपनीने इथे पहिली टाकसाळ सुरू केली ती १७५७ साली, जुन्या किल्ल्यात. आज त्या परिसरात जनरल पोस्ट ऑफिसची घुमटाची पांढरी इमारत उभी आहे. दुसरी टाकसाळ १७९० मध्ये आली. तिसरी, स्ट्रँड रोडवरची, १ ऑगस्ट १८२९ रोजी सुरू झाली. अथेन्सच्या प्राचीन देवळाचा निम्म्या आकाराचा नमुना म्हणून तिचा दर्शनी भाग बांधला होता. ते जाडजूड खांब नदीकाठच्या रस्त्यावरून आजही दिसतात. दिवसाला तीन ते सहा लाख नाणी पाडण्याची तिची ताकद होती.

सध्या काम चालते ते आलिपूरच्या टाकसाळीत. तिचे उद्घाटन १९ मार्च १९५२ रोजी झाले आणि ते करणारे होते त्या वेळचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेल्या या मराठी माणसाचे नाव कोलकात्याच्या टाकसाळीच्या इतिहासात असे जोडले गेले आहे, हे इथे येणाऱ्या किती मराठी पर्यटकांना ठाऊक असते?

जुन्या नाण्यांच्या अभ्यासाची सुरुवातही याच शहरातून झाली. जेम्स प्रिन्सेप हा इथल्या टाकसाळीत धातूचा कस तपासणारा अधिकारी. कामाचा भाग म्हणून हाती येणारी नाणी तो नुसती वितळवत बसला नाही, ती वाचू लागला. १८३७ साली त्याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि सम्राट अशोकाचे शिलालेख दोन हजार वर्षांनंतर पुन्हा बोलू लागले. खरोष्ठी लिपी उकलताना त्याला आधार मिळाला तो भारतातल्या ग्रीक राजांच्या नाण्यांचा, कारण त्यांच्या एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी मजकूर होता. हुगळीच्या काठावर त्याच्या नावाचा प्रिन्सेप घाट आहे. संध्याकाळी तिथे नौकाविहाराला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या नावामागचा नाणेपारखी माहीत असतो.

याच शहरातली आणखी एक गोष्ट चटका लावणारी आहे. १७८३ मध्ये कालीघाटला जमिनीतून एक भांडे निघाले. त्यात गुप्त काळातली दोनशेहून अधिक सोन्याची नाणी होती. वॉरन हेस्टिंग्जने ती लंडनला कंपनीच्या संचालकांकडे पाठवली. काही ब्रिटिश म्युझियमसारख्या संग्रहांना मिळाली, उरलेली वितळवली गेली असे सांगितले जाते. दुर्मीळ नाणे दुर्मीळ का होते, याचे उत्तर अशा प्रसंगांत आहे. ते हरवते, आटवले जाते, दागिन्यात जाते. उरलेल्या मोजक्यांची किंमत मग चढते, आणि त्या चढलेल्या किमतीवरच नकली माल करणाऱ्याचे पोट भरते.

बाजार कुठे भरतो?

कोलकात्यात नाण्यांची एकच अशी पेठ नाही. जीपीओच्या आसपास, पूर्वी डलहौसी स्क्वेअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आता बिनय-बादल-दिनेश यांच्या नावाने असलेल्या बागेच्या परिसरात, टपाल तिकिटांबरोबर जुनी नाणी आणि नोटा मांडून बसणारे विक्रेते भेटतात. चौरंगी, एस्प्लनेड, न्यू मार्केटच्या बाजूला जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. पिढीजात नाव असलेले व्यापारी वेगळे, ते बहुधा ओळखीच्या गिऱ्हाइकालाच कपाट उघडून दाखवतात. हिवाळ्यात न्यूमिस्मॅटिक सोसायटी ऑफ कलकत्ता ही संस्था 'मुद्रा उत्सव' भरवते. त्यात देशभरातले व्यापारी येतात आणि एकाच छताखाली शेकडो प्रकारची नाणी पाहायला मिळतात.

फुटपाथवरच्या कापडावर काय दिसते? व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये, पाचव्या जॉर्जचे पैसे, भोकाचा पैसा, मोगली रुपये, बंगालच्या सुलतानांचे टंक, कुचबिहारची नारायणी नाणी, आसामच्या आहोम राजांची अष्टकोनी नाणी. मराठी गिऱ्हाईक दिसले की एखादी शिवराईही पुढे येते. आणि या सगळ्यांत हमखास असतात राम-लक्ष्मण-सीता आणि हनुमान यांची चित्रे असलेली, 'ईस्ट इंडिया कंपनी' असे इंग्रजीत लिहिलेली, १६१६, १७१७ किंवा १८१८ साल घातलेली मोठी तांब्या-पितळेची नाणी.

कधीच न पाडलेली नाणी

सुरुवात या शेवटच्या नाण्यांपासूनच केलेली बरी, कारण सर्वांत जास्त सामान्य माणसे यांनाच फसतात. ही नाणी कशाची नक्कल नाहीत. कारण असे अस्सल नाणे कधी अस्तित्वातच नव्हते! राम-सीतेचे किंवा हनुमानाचे चित्र, इंग्रजीत 'हाफ आना' आणि १८१८ साल असलेले नाणे कंपनीने कुठल्याही टाकसाळीत पाडलेले नाही. १६१६ साली तर कंपनी जहांगीर बादशहाच्या दरबारी व्यापाराच्या सवलती मागत होती, ती इंग्रजी अक्षरांचा आणा कुठून पाडणार? मद्रासला १८०८ नंतर निघालेल्या पॅगोडा नाण्यांवर विष्णूची आकृती आणि गोपुर होते हे खरे. पण ती नाणी वेगळी, त्यांचे वजन वेगळे, लिपी वेगळी.

देवदेवतांची चित्रे असलेल्या 'रामटंका' पूजेसाठी किंवा तीर्थाची आठवण म्हणून पूर्वीपासून घडवल्या जात. देव्हाऱ्यात ठेवायला त्या ठीक आहेत. त्यांना चलनी नाणे म्हणून हजारो रुपये मोजणे मात्र ठीक नाही.

या नाण्यांच्या आधाराने याहून भयंकर फसवणूक चालते. 'हे नाणे तांदूळ ओढून घेते, त्यात इरिडियम नावाचा धातू आहे, परदेशातली संस्था याला कोट्यवधी रुपये देते' असे सांगून माणसांना लुबाडणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पोलिसांनी पकडल्या आहेत. प्रयोगात तांदळाला लोखंडाचा कीस चिकटवलेला असतो आणि नाण्यात चुंबक. घरदार गहाण टाकून लोकांनी यात पैसे घातले आहेत. तांब्याचे कोणतेही नाणे तांदूळ ओढत नाही, एवढे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

नकलीचे चार प्रकार

पारखी लोक नकली नाण्यांचे साधारण चार प्रकार मानतात.

पहिला प्रकार ओतीव नाण्यांचा. अस्सल नाण्याचा मातीत किंवा प्लॅस्टरमध्ये साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतायचा. टाकसाळीतले नाणे दोन ठशांमध्ये प्रचंड दाबाने पाडलेले असते, त्यामुळे त्याची अक्षरे कडक उठतात आणि सपाट भाग गुळगुळीत असतो. ओतीव नाण्यावर भिंगातून पाहिले तर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, कारण धातू थंड होताना हवेचे बुडबुडे अडकतात. अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ वाटतात. आणि काठावरून बोट फिरवले तर साच्याचे दोन भाग जुळल्याची बारीक रेघ लागते. ती कानशीने घासून काढलेली असली तर घासल्याचे ओरखडे दिसतात.

दुसरा प्रकार नवे ठसे कोरून पाडलेल्या नाण्यांचा. ही ओळखायला अवघड असतात, कारण ती पाडलेलीच असतात. इथे मदतीला येते ती अक्षरांची ठेवण. देवनागरी, फार्सी किंवा बंगाली न येणारा कारागीर अक्षर 'काढतो', लिहीत नाही. वेलांटीचा झोक, नुक्त्याची जागा, राजाच्या मुकुटातले मणी यांत तो चुकतो. म्हणून शेजारी अस्सल नाण्याचे मोठे छायाचित्र ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे लागते.

तिसरा प्रकार सर्वांत चलाख. नाणे अस्सल, चांदी अस्सल, टाकसाळ अस्सल. खोटा असतो तो फक्त एक आकडा. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया अत्यंत दुर्मीळ आहे, तर १९३८ चा त्या मानाने सहज मिळतो. मग ८ चा ९ करायला किती वेळ लागणार? असा रुपया वजनात, धातूत, आवाजात कुठेही चुकत नाही. भिंगाखाली फक्त शेवटचा आकडा पाहायचा. त्याच्या भोवतालचा धातू खरवडलेला दिसतो, आकड्याची जाडी बाकीच्या तीन आकड्यांशी जुळत नाही. टाकसाळीच्या खुणांचेही तसेच. स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर सालाच्या खाली मुंबईची खूण चौकट आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूण म्हणजे काहीच नाही. रिकामी जागा ही जर ओळख असेल, तर खूण खरवडून जागा रिकामी करण्याचा मोह कुणाला तरी होणारच. तेव्हा त्या रिकाम्या जागेवरही भिंग धरावे.

चौथा प्रकार जोडकामाचा. दोन नाणी मधोमध चिरून त्यांचे अर्धे पापुद्रे एकमेकांना चिकटवायचे, म्हणजे दोन्हीकडे छापा असलेले 'टाकसाळीत चुकलेले' नाणे तयार! चुकीच्या नाण्यांना हौशी लोक भरपूर पैसे देतात, म्हणून हा उद्योग. काठावरची जोडरेघ आणि बद्द आवाज यांनी तो उघडा पडतो.

अस्सल ठसा, पण...

कोलकात्यात खरेदी करणाऱ्याने आणखी एक गोष्ट ठाऊक करून घ्यायलाच हवी. कलकत्ता आणि मुंबई या दोन्ही टाकसाळी जुन्या काळातल्या नाण्यांचे ठसे जपून ठेवत आणि संग्राहकांच्या मागणीवरून त्यांच्यावर नवी चकचकीत नाणी पाडून देत. ही पद्धत १९७० साली बंद झाली. म्हणजे एखाद्या नाण्यावर १८३५ साल आहे, टाकसाळ सरकारी आहे, ठसा जुना आहे, पण नाणे प्रत्यक्षात पाडले गेले ते कित्येक दशकांनी. याला नकली म्हणता येत नाही, आणि मूळ काळातलेही म्हणता येत नाही. अशा नाण्यांनाही किंमत आहे, पण ती मूळ नाण्याची किंमत नव्हे. प्रामाणिक व्यापारी हा फरक आपण होऊन सांगतो. न सांगणाऱ्याला गिऱ्हाइकाने विचारले पाहिजे : 'हे त्या काळी पाडलेले, की नंतर पाडलेले?' हा एक प्रश्न विचारला, की समोरच्याला कळते की गिऱ्हाईक अगदीच नवखे नाही.

याच्या उलटही घडते. कंपनीच्या काळात कलकत्त्याच्या टाकसाळीत पाडलेल्या कित्येक रुपयांवर टाकसाळीचे नाव 'मुर्शिदाबाद' आहे आणि साल म्हणून शाहआलम बादशहाचे १९ वे राज्यवर्ष. वर्षे सरत गेली तरी आकडा १९ च राहिला! पाहणाऱ्याला वाटावे हे खोटे. पण ते अस्सल आहे, आणि त्यामागे कारण आहे. त्या काळी नवा रुपया पुऱ्या किमतीला चाले, पण तो जुना झाला की सराफ त्यावर 'बट्टा' कापत. 'नावाला बट्टा लागणे' हा शब्दप्रयोग आपण रोज करतो, त्याचे मूळ सराफाच्या या पेढीवर आहे. दरवर्षीचा हा बट्टा टाळण्यासाठी कंपनीने सालच गोठवून टाकले.

अशा रुपयांवर पुष्कळदा छिन्नीचे लहान लहान घाव दिसतात. तो खराबा नव्हे. चांदी आतपर्यंत खरी आहे की वर मुलामा आहे, हे पाहण्यासाठी सराफाने केलेली ती पारख. मराठेशाहीत हे काम पोतदार करत. बंगालमधले पोद्दार हे आडनावही त्याच घराण्यातले.

घरच्या घरी परीक्षा

नाणे पारखायला प्रयोगशाळा लागते असे नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग मोजणारा छोटा काटा, एक लोहचुंबक आणि मापपट्टी किंवा व्हर्नियर एवढी सामग्री पुरते, आणि ती एका पर्समध्ये मावते.

सर्वांत आधी वजन. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. अधेली ५.८३ ग्रॅम, पावली २.९२ ग्रॅम. वापराने नाणे झिजते, म्हणून वजन थोडे कमी भरणे स्वाभाविक आहे. पण कोऱ्या करकरीत दिसणाऱ्या रुपयाचे वजन दहा ग्रॅम भरले, तर तो दुकानातच ठेवून यावे. वजन जास्त भरले तरीही संशय घ्यावा, कारण झिजून कुणाचे वजन वाढत नाही.

मग चुंबक. चांदी, सोने, तांबे, पितळ चुंबकाला चिकटत नाही. चांदीचा म्हणून दिलेला रुपया चिकटला, तर तो गेला. मात्र १९४७ सालचा रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि अस्सल असूनही चिकटतो. तेव्हा कोणते नाणे कोणत्या धातूचे, हे आधी माहीत हवे. त्याचप्रमाणे १९४० पर्यंतच्या रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी होती, महायुद्धाच्या काळात ती निम्म्यावर आली. त्याच सुमारास नकली रुपयांना आळा घालण्यासाठी रुपयाच्या दातेरी काठात मधोमध नक्षीची खाच आली. ही खाच नसलेला १९४३ चा रुपया कुणी देऊ केला, तर नमस्कार करून पुढे जावे.

तिसरी परीक्षा पाण्याची. शाळेत शिकलेला आर्किमिडीज इथे उपयोगी पडतो. नाण्याचे वजन करायचे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला न टेकवता पाण्यात सोडायचे. काटा जो आकडा दाखवेल, त्याने मूळ वजनाला भागायचे. समजा रुपया ११.६६ ग्रॅमचा आहे आणि पाण्यात आकडा १.१३ आला, तर भागाकार येतो सुमारे १०.३. चांगल्या चांदीच्या रुपयाला हेच उत्तर हवे. आकडा १.३० आला तर भागाकार ९ च्या खाली जातो. म्हणजे आत तांबे किंवा तत्सम धातू आहे, वर फक्त मुलामा. मुलांच्या सुटीतला हा उत्तम प्रयोग आहे, आणि नाण्याला ओरखडाही येत नाही.

चौथी परीक्षा कानाची. 'खणखणीत नाणे', 'बंदा रुपया', 'वाजवून घेणे' हे शब्द आपल्या भाषेत उगीच आलेले नाहीत. पण रुपया फरशीवर टाकू नये, काठाला पोचा पडतो. बोटाच्या टोकावर तोलून धरावा आणि लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी द्यावी. चांदी लांबवर गुणगुणते, शिसे-जस्ताचा रुपया बद्द वाजतो. तडा गेलेले अस्सल नाणेही बद्द वाजते, म्हणून केवळ आवाजावर निकाल देऊ नये.

पाचवी परीक्षा अंगावरच्या रंगाची. शेकडो वर्षे जमिनीत राहिलेल्या तांब्यावर हिरवट थर चढतो, तो घट्ट असतो. रसायनाने आठ दिवसांत चढवलेला हिरवा रंग नखाने निघतो, आणि खोलगट भागात पिठासारखा साचलेला दिसतो. या रंगाच्या लबाडीचा इतिहासही मजेदार आहे. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत कार्ल बेकर नावाचा गृहस्थ ग्रीक-रोमन नाण्यांच्या उत्कृष्ट नकला करी. नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून ती लोखंडाचा कीस आणि तेलकट मिश्रण भरलेल्या पेटीत घालून, ती पेटी घोडागाडीला बांधून तो फिरायला निघे! त्याच्या नाण्यांनी युरोपातल्या मोठमोठ्या जाणकारांना चकवले.

इथे गृहिणींसाठी एक सूचना. घरात आजीच्या पेटीत जुनी नाणी निघाली, तर ती चिंच किंवा भांड्यांची पावडर लावून लख्ख करू नयेत. तो काळवंडलेला थर हीच नाण्याच्या वयाची साक्ष असते. घासलेल्या नाण्याची किंमत जाणकाराच्या लेखी एकदम उतरते. गळ्यातल्या माळेसाठी कडी लावलेले नाणेही असेच. कडी काढून डाग बुजवलेला असतो, म्हणून विकत घेताना काठावर बाराच्या ठिकाणी नीट पाहावे.

आणि प्रत्येक नक्कल ही लबाडीच असते असेही नाही. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी ही मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या डकॅटची नक्कल. परदेशी नाण्यावरच्या उभ्या आकृत्या आपल्या सोनारांनी घडवल्या, त्यावरची लॅटिन अक्षरे त्यांच्या हातून नुसती नक्षी झाली, आणि ती महाराष्ट्राच्या गळ्यात शोभली. फरक इतकाच, की पुतळी कुणी व्हेनिसची म्हणून विकली नाही.

विद्वानही फसतात

'आपण काय, शिकलेले आहोत, फसणार नाही' असे वाटणाऱ्यांनी पार्क स्ट्रीटवरच्या एशियाटिक सोसायटीचा एक प्रसंग लक्षात ठेवावा. १७८४ साली विल्यम जोन्स यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुडॉल्फ हर्नले हे मोठे पंडित होते. मध्य आशियातून काही प्राचीन हस्तलिखिते कलकत्त्याला आली, ज्यांची लिपी कुणालाच वाचता येईना. हर्नले यांनी त्यांवर परिश्रमपूर्वक अभ्यास करून १८९९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. १९०१ साली ऑरेल स्टाइन खोतान येथे पोहोचले आणि त्यांनी इस्लाम आखुन नावाच्या माणसाची उलटतपासणी घेतली. ती लिपी वाचता येत नव्हती, कारण ती लिपीच नव्हती! आखुनने ती मनाने रचली होती, कागद धुराने पिवळा केला होता. मागणी आहे म्हटल्यावर त्याने कारखानाच काढला होता.

या प्रसंगातून नाणे घेणाऱ्याने घ्यायचा धडा साधा आहे. हर्नले यांचे ज्ञान कमी नव्हते. वस्तू नेमकी कुठे, कोणाला, कशी मिळाली, हे त्यांनी विकणाऱ्याच्या शब्दावर मानले. नाण्याच्या बाबतीतही 'जमिनीत सापडले', 'संस्थानिकाच्या घरातले आहे', 'दादाजींनी ठेवले होते' या कहाण्यांना पैसे मोजायचे नसतात. पैसे मोजायचे ते नाण्याला.

व्यवहार करताना

विक्रेत्याशी बोलताना काही पथ्ये पाळली तर निम्मा धोका टळतो. स्वस्तात मिळतेय म्हणून हुरळू नये. चांदीच्या एका जुन्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवशीचा चांदीचा भाव वर्तमानपत्रात पाहावा. तेवढ्या चांदीच्या किमतीहूनही कमी भावात कुणी 'राणीछाप' देत असेल, तर तो धर्मादाय करत नसून त्याच्या रुपयात चांदी नाही, हे उघड आहे.

एकाच सालाची, एकसारखीच झिजलेली, एकाच जागी ओरखडा असलेली दोन नाणी एका दुकानात दिसली, तर ती एकाच साच्यातली भावंडे समजावीत. अस्सल नाणी जगात वेगवेगळ्या खिशांतून फिरलेली असतात, ती सारखी झिजत नाहीत.

पक्के बिल मागावे. त्यावर नुसते 'एक जुने नाणे' न लिहिता राजा, साल, टाकसाळ, धातू, वजन आणि 'अस्सल' हा शब्द लिहून घ्यावा, आणि नकली निघाल्यास परत घेण्याची अट नमूद करावी. नावाजलेला व्यापारी हे आनंदाने देतो, कारण त्याची पत त्यावर चालते. कचरणाऱ्याकडून किमती नाणे घेऊ नये, फार तर आठवण म्हणून पाच-पन्नास रुपयांचे घ्यावे. प्लॅस्टिकच्या बंद डबीतील, परदेशी कंपनीने प्रमाणित केलेल्या नाण्यावर विश्वास ठेवताना डबीवरचा क्रमांक त्या कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहावा. हल्ली डब्याही नकली निघतात!

शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनाचा मोह मराठी माणसाला सर्वांत मोठा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पाडलेले अस्सल होन आज मोजकेच ज्ञात आहेत, तेही संग्रहालयांत आणि जुन्या संग्रहांत. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे असलेला होन फुटपाथवर मिळण्याची शक्यता शून्य धरावी. तांब्याची शिवराई मात्र पुढील राजांच्या काळातही पुष्कळ पाडली गेली. ती अस्सल मिळू शकते आणि सामान्य माणसाच्या खिशालाही परवडते.

कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या नातवाला भेट म्हणून मोगल रुपया बॅगेत टाकणाऱ्या आजी-आजोबांनी हे विसरू नये. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या धनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आणि 'तुमच्याकडचे वैष्णोदेवीचे नाणे लाखांना घेतो, आधी कमिशन भरा' असे फोन आले, तर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेला इशारा आठवावा : बँक अशा व्यवहारात नाही, आणि असे शुल्क घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही.

आधी पाहा, मग घ्या

मुंबईहून गीतांजली आणि पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस थेट हावड्याला पोहोचवतात. नाण्यांसाठी जाणाऱ्याने पहिल्या दिवशी पाकीट हॉटेलातच ठेवावे आणि चौरंगीवरचे इंडियन म्युझियम गाठावे. पार्क स्ट्रीट मेट्रो स्थानकापासून ते पायी जाण्याएवढ्या अंतरावर आहे. १८१४ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाचा नाणेसंग्रह देशातल्या मोठ्या संग्रहांपैकी आहे. गुप्त राजांची सोन्याची नाणी, कुशाणांची, मोगलांची, सुलतानांची अस्सल नाणी डोळे भरून पाहावीत. पुढच्या दिवशी कौन्सिल हाऊस स्ट्रीटवरचे, २०१९ मध्ये सुरू झालेले रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय पाहावे. कवडीपासून नोटेपर्यंतचा पैशाचा प्रवास तिथे मुलांनाही समजेल असा मांडला आहे. बंगालमध्ये कवड्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चलनात होत्या. 'फुटकी कवडी' हा शब्द तिथे प्रत्यक्ष पाहायला मिळतो.

ज्यांना कोलकाता दूर वाटते, त्यांनी नाशिकजवळच्या अंजनेरीला जावे. तिथल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय महाराष्ट्रातल्या नाणेप्रेमींसाठी मोठी सोय आहे.

अस्सल नाण्यांची सवय डोळ्यांना एकदा झाली, की नकली नाणे आपोआप खटकू लागते. शब्दांत सांगता येत नाही, पण काहीतरी चुकल्यासारखे वाटते. जुने पोतदार हीच सवय मुलाला लहानपणापासून लावत. शंभर खरी नाणी हाताळल्याशिवाय एक खोटे ओळखता येत नाही. त्या दोन दिवसांच्या फेरफटक्यानंतर जीपीओसमोरच्या विक्रेत्याकडे जाऊन पाचव्या जॉर्जचा एखादा तांब्याचा पैसा घ्यावा. किंमत थोडी, फसण्याची भीती थोडी, आणि मुलाच्या संग्रहातले पहिले नाणे अस्सल कोलकात्याचे.